गाणारी मुलगी मोठी का होत नाही? : आर्या आंबेकर आणि पडद्यावरचे गाणे

२००८-०९च्या हिवाळ्यात लातुरात भारनियमनाचे वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून भिंतीला चिकटवलेले असे. आमच्या गल्लीत ते दोन कारणांसाठी पाहिले जाई. एक, पिठाची गिरणी केव्हा चालू राहील ते कळावे म्हणून. दुसरे, झी मराठीवरचे ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ पाहायला मिळणार की नाही यासाठी. अंतिम पाच मुलांत रोहित राऊत हा लातूरचा होता. बाकीचे चौघे चार दिशांचे : आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि पुण्याची आर्या आंबेकर. मत एसएमएसने द्यायचे होते. गावचा पोरगा म्हणून लोक मोबाइल रिचार्ज करून रोहितला मते देत होते.

मी तेव्हा नोकरीनिमित्त नांदेडला राहत असे आणि सुटीला लातूरला येत असे. घरी असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मत रोहितला देणाऱ्या घरांतल्या बायकाही आर्याचे गाणे लागले की हातातले काम टाकून बाहेरच्या खोलीत येत. आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या, ‘हिला सिनेमात घेतील बघा.’ आठ वर्षांनी तसेच झाले. मावशींचे भाकीत खरे ठरले त्याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. पण घेतले ते कोणत्या भूमिकेसाठी आणि पुढे काय झाले, हे पाहता पाहता एक प्रश्न मनात रुतून बसला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा आहे. आपल्या पडद्यावर गाणारी मुलगी दिसते. गाणारी बाई का दिसत नाही?

*

आधी वाटचाल थोडक्यात. आर्या आंबेकर यांचा जन्म १६ जून १९९४चा, नागपूरचा. वाढल्या पुण्यात. वडील डॉक्टर, आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका आणि त्याच पहिल्या गुरू. म्हणजे चौदाव्या वर्षी दूरचित्रवाणीच्या मंचावर उभी राहिली ती मुलगी स्पर्धेसाठी चार गाणी बसवून आलेली नव्हती. घरात रोज तानपुरा लागत होता. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते, पल्लवी जोशी सूत्रसंचालन करीत होत्या, आणि परीक्षकांचा ‘वरचा नी’ हा गुण तेव्हा घराघरांत म्हणीसारखा वापरला जात होता. फेब्रुवारी २००९मध्ये कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. पण त्या पर्वाचे वैशिष्ट्य असे की, पाचही मुले लोकांच्या लक्षात राहिली. २०२१मध्ये लहान मुलांचे नवे पर्व आले तेव्हा परीक्षणाच्या खुर्च्यांवर हेच पाच जण बसले.

६ जानेवारी २०१७ रोजी सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘ती सध्या काय करते’ हा चित्रपट आला आणि आर्या आंबेकर अभिनेत्री म्हणून समोर आल्या. नंतरचा त्यांचा मुख्य प्रवास गायिकेचा आहे. त्यातला ठळक टप्पा म्हणजे २०२२च्या ‘चंद्रमुखी’ चित्रपटातले, अजय-अतुल यांच्या संगीतातले ‘बाई गं’. या दोन चित्रपटांमध्ये पाच वर्षांचे अंतर आहे. माझा प्रश्न या अंतरात दडलेला आहे.

*

दूरचित्रवाणीने गाण्याचे काय केले, यावर आपल्याकडे बहुधा नाराजीच्या सुरात लिहिले जाते. मुलांवर ताण आला, गाणे चढाओढीचे झाले, वगैरे. ती तक्रार खोटी नाही. पण तिच्यामुळे एक मोठी घटना नजरेआड होते. पार्श्वगायनाच्या पद्धतीने गळा आणि चेहरा यांची फारकत केली होती. दोन पिढ्यांनी रेडिओवर ज्यांचे आवाज ओळखले, त्या गायिका गाताना कशा दिसतात हे त्यांना ठाऊक नव्हते. गाण्याच्या स्पर्धांनी कॅमेरा थेट गाणाऱ्याच्या तोंडासमोर आणला. श्वास कुठे घेतला, अवघड जागा येण्याआधी डोळे कसे मिटले, जागा साधल्यावर ओठांच्या कोपऱ्यात हसू कसे आले, हे सगळे दिसू लागले. आमच्या शेजारच्या मावशींना राग कळत नव्हता, पण आर्याच्या चेहऱ्यावरून ‘आता अवघड आहे’ हे कळत होते.

याच मंचाने प्रत्येक मुलाला नकळत एक पात्रही दिले. कार्तिकी वारकरी घरातली, ठसक्याने गाणारी. मुग्धा सगळ्यांची लाडकी चिमुरडी. रोहित लातूरचा बिनधास्त. आर्या गोड, सोज्वळ, जिच्याकडे पाहून ‘आपली मुलगी अशी असावी’ असे वाटावे अशी. आठवड्यामागून आठवडे ही पात्रे वठवली गेली. तेव्हा आर्या आंबेकर यांच्या अभिनयाची सुरुवात २०१७ला झाली असे मी मानत नाही. ती २००८लाच झाली. चित्रपटाने फक्त ते पात्र उचलले आणि कथेत बसवले.

पण याच वाहिन्यांचा दुसरा अर्धा भाग पाहा. संध्याकाळच्या मालिका प्रौढ बाईच्या आहेत. १९९९मध्ये ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही नोकरी करणारी, संसाराचे घाव सोसून उभी राहणारी नायिका घरोघरी पोचली. तिचे शीर्षकगीत देवकी पंडित यांच्या आवाजात होते आणि ते आजही अनेकांना पाठ आहे. तो सूर सुधाच्या मनातला म्हणून आपण ऐकला; सुधा मात्र गात नव्हती. पुढच्या शेकडो मालिकांत हीच रीत राहिली. शीर्षकगीत संपले की गाणे संपते आणि बाईचे बोलणे, रडणे, भांडणे सुरू होते. म्हणजे दूरचित्रवाणीवर गाणाऱ्या आहेत त्या मुली, आणि मोठ्या बायका आहेत त्या न गाणाऱ्या. दोन्ही कार्यक्रम एकाच वाहिनीवर, एकाच संध्याकाळी. मधली भिंत कोणालाच दिसत नाही.

*

आता तीन चित्रपट शेजारी ठेवून पाहू.

‘ती सध्या काय करते’मध्ये तन्वी ही नायिका वेगवेगळ्या वयांत दिसते. तरुणपणीची तन्वी आर्या आंबेकर यांनी केली. पहिल्या प्रेमाचे ते वय, आणि त्या वयाला त्यांचाच आवाज. अनेक वर्षांनी नायकाला पुन्हा भेटणारी मोठी तन्वी मात्र तेजश्री प्रधान यांनी केली. तेजश्री प्रधान या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेमुळे महाराष्ट्राची लाडकी सून झालेल्या. मुलगी हवी तेव्हा दूरचित्रवाणीच्या गाण्याच्या मंचावरून आणली; बाई हवी तेव्हा मालिकेतून आणली. वर सांगितलेली भिंत चित्रपटाच्या पात्रयोजनेत जशीच्या तशी उतरली आहे.

एका चित्रपटावरून असे म्हणणे धाडसाचे ठरेल. म्हणून त्याच पिढीतल्या केतकी माटेगावकर यांच्याकडे पाहू. त्याही गायिका-अभिनेत्री, त्यांचा जन्मही १९९४चा आणि नागपूरचाच. २०१२मध्ये महेश मांजरेकर यांचा ‘काकस्पर्श’ आला. त्यात कोवळ्या वयाची उमा केतकी माटेगावकर, आणि मोठी झालेली, विधवा म्हणून त्या घरात आयुष्य काढणारी उमा प्रिया बापट. २०१४च्या रवी जाधव दिग्दर्शित ‘टाइमपास’मध्ये प्राजक्ता केतकी माटेगावकर. तिथले गाजलेले प्रेमगीत त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चेहऱ्यावर. पुढच्याच वर्षी ‘टाइमपास २’ आला, प्राजक्ता मोठी झाली, आणि ती पुन्हा प्रिया बापट. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरच्या ‘शाळा’तली शिरोडकरही केतकी माटेगावकर यांचीच, ती तर गाव सोडून निघून जाते आणि नायकाच्या मनात त्याच वयाची राहते.

तीन वेगळे दिग्दर्शक, तीन वेगळे विषय. पण गाण्यासाठी ओळखली जाणारी मुलगी तीनही ठिकाणी कथेच्या अर्ध्या वाटेवर थांबते आणि पुढचे आयुष्य दुसरी अभिनेत्री जगते. या दुसऱ्या अभिनेत्रींच्या गुणवत्तेबद्दल प्रश्न नाही. प्रिया बापट यांची उमा हे उत्तम काम आहे. प्रश्न रचनेचा आहे. गाणे हे पहिल्या प्रेमाचे, आठवणीचे, हरवलेल्या वयाचे चिन्ह मानले गेले. बाई समजूतदार झाली, संसाराला लागली, की तिचा सूर मागे राहतो. तिच्या आयुष्यात पुढे जे घडते त्याला गाण्याची गरज आहे असे पटकथा लिहिणाऱ्याला वाटत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येईल. अठरा-वीस वर्षांची मुलगी चाळिशीची बाई कशी करणार? पात्राच्या वयानुसार नट बदलणे ही साधी सोय आहे. आक्षेप रास्त आहे आणि नायकही बदललेच होते. ‘ती सध्या काय करते’मध्ये अभिनय बेर्डे यांचा अनुराग मोठेपणी अंकुश चौधरी होतो. पण त्या तरुण नटांची ओळख गाण्याची नव्हती, त्यामुळे त्यांच्या बदलण्याने पात्राचे वय बदलले, दुसरे काही गेले नाही. तन्वी बदलली तेव्हा गळाही गेला. आणि दुसरे असे की, या दोन्ही गायिका आता तिशी ओलांडून गेल्या आहेत. वयाची अडचण उरलेली नाही. तरीही प्रेक्षकांच्या मनात त्यांची जी चित्रे घर करून आहेत ती अजून त्या कोवळ्या वयाचीच आहेत.

*

हे नेहमीच असे होते का? नव्हते. मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांच्या आरंभीच्या दशकांत गाणारी नटी ही पूर्ण वाढलेली बाई होती.

प्रभातचा ‘कुंकू’ १९३७चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी काढलेला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा शांता आपटे यांनी केली. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते प्रसंगातलेच आवाज. संगीत केशवराव भोळे यांचे. अशा शांततेत नीरा गाते तेव्हा गाणे शोभेचे उरत नाही. लाँगफेलोची इंग्रजी कविता ती गाते तेही आपण शिकलेली, विचार करणारी माणूस आहोत हे त्या घराला ऐकवण्यासाठी. लग्न झालेल्या बाईचा नकार तिच्या गळ्यातून येतो. शांता आपटे यांनी प्रत्यक्ष आयुष्यातही नकार दिला. १९३९मध्ये त्या प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या आणि १९४०मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्यातली बाईची स्थिती त्यांनी उघड मांडली. पडद्यावरचा सूर आणि पडद्याबाहेरची माणूस यांत तिथे अंतर नव्हते.

केशवराव भोळे यांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे. मूळ गोव्याच्या. १९३३मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रीने करायची हा आग्रह धरला गेला, त्यात त्या होत्या. १९४२मध्ये मो. ग. रांगणेकर यांचे ‘कुलवधू’ आले. लग्न झालेल्या, स्वतःचा मान राखू पाहणाऱ्या बाईची ती कथा. संगीत मास्टर कृष्णराव यांचे आणि गळा ज्योत्स्नाबाईंचा. नाटकाचे नाव ‘कुलवधू’ आणि ती वधू गाते, हे आजच्या मालिकेच्या सुनेशेजारी ठेवून पाहावे.

तिसरे नाव आमच्या शेजारच्या सोलापूरचे, म्हणून जवळचे. २४ डिसेंबर १९६७ रोजी नाट्यसंपदेने ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आणले. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यांची मुलगी झरीना फैयाज यांनी केली. वसंतरावांसारख्या गवयासमोर उभे राहून रोज प्रयोगात गायचे, बोलायचे आणि बापाच्या हट्टाला तोंडही द्यायचे, हे काम गळा आणि अभिनय दोन्ही तयार असल्याशिवाय होत नाही. २०१५मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद फैयाज यांना मिळाले. त्याच वर्षी ‘कट्यार’चा चित्रपट आला. त्यात झरीना अमृता खानविलकर यांनी केली. त्या अभिनय आणि नृत्य यांसाठी ओळखल्या जातात, गायिका म्हणून नाहीत. नाटकात गाणारीच झरीना लागत होती. चित्रपटाला तशी गरज भासली नाही.

*

गरज संपली ती पार्श्वगायनामुळे, हे उघड आहे. लता मंगेशकर यांनीही १९४२च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये भूमिका केली होती. पुढे त्या अभिनयातून बाहेर पडल्या आणि देशाला एक असामान्य आवाज मिळाला. त्यात तोटा झाला असे कोण म्हणेल? पण त्या आवाजाच्या उंचीने एक सवयही लागली. उत्तम गळा हवा तर तो दुसरीचा घ्यावा, उत्तम चेहरा हवा तर तो तिसरीचा घ्यावा.

इथे ‘चंद्रमुखी’ आठवा. विश्वास पाटील यांच्या कादंबरीवर प्रसाद ओक यांनी काढलेला चित्रपट. चंद्रा ही तमाशातली कलावंतीण, पूर्ण वाढलेली, प्रेमाची किंमत मोजणारी बाई. तिच्या मनातली वेदना ‘बाई गं’मध्ये येते. आवाज आर्या आंबेकर यांचा, चेहरा अमृता खानविलकर यांचा. गाण्यात ठुमरीच्या अंगाची समज आहे, थांबे आहेत, शब्द गिळून पुन्हा उच्चारण्याची बैठकीच्या लावणीची रीत आहे. चौदा वर्षांच्या ज्या मुलीला आम्ही ‘गोड’ म्हणून ठेवले होते, तिच्या गळ्यात प्रौढ बाईचे सगळे दुःख पेलण्याची ताकद आली आहे, हे त्या गाण्यात ऐकू येते. पण दिसत नाही. वीस-बावीसच्या वयात गळा आणि चेहरा दोन्ही घेतले. अठ्ठाविसाव्या वर्षी फक्त गळा घेतला. मुलगी हवी तेव्हा ती पडद्यावर, बाई झाली तेव्हा पडद्यामागे.

नृत्याची अवघड मागणी असलेली चंद्रा नर्तकीनेच करायला हवी होती, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्या एका निवडीबद्दल नाही. जिच्यात नाचापेक्षा गाणे मुख्य आहे अशी मोठी बाई आपण लिहीतच नाही, ही तक्रार आहे.

‘प्रेक्षकांना ते नको असते’ हे उत्तर मला पटत नाही, कारण त्याविरुद्ध ठळक पुरावा आहे. २०१७मध्ये प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ भद्रकालीने रंगमंचावर आणले. पात्रे दोनच : तुकोबांची गरोदर आवली आणि लखुबाईच्या रूपात आलेली रखुमाई. दोघी लग्न झालेल्या, दोघींची आपापल्या नवऱ्याबद्दल आणि त्याच्या भक्तीबद्दल, भक्तांबद्दल गाऱ्हाणी. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी स्वतः गात होत्या. या नाटकाने पाचशे प्रयोगांचा टप्पा गाठला. दोन संसारी बायका रंगमंचावर दोन तास गातात आणि लोक तिकीट काढून ऐकतात. मागणी आहे, ती मागणी ओळखणारी नजर पडद्याकडे नाही.

*

हा विषय मला केवळ चित्रपटांचा वाटत नाही, म्हणून शेवटी आमच्या भागाकडे येतो.

लातूर आणि नांदेड ही आज शिकवणी वर्गांची शहरे आहेत. ‘लातूर पॅटर्न’ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच शहरांत गाण्याचे वर्गही चालतात आणि त्यांत मुलींची संख्या मोठी असते. रोहित राऊत २०१९-२०च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये उपविजेता झाला तेव्हा या वर्गांना पुन्हा बहर आला. गेली काही वर्षे मी या वर्गांच्या गुरुपौर्णिमेला जाऊन मागे बसतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची उतरंड तिथे डोळ्यांना दिसते. प्रारंभिकला सतरंजी पुरत नाही. प्रवेशिकेलाही गर्दी असते. मध्यमाला मुली कमी होतात, कारण दहावी आली. विशारदला दोघी-तिघी उरतात, कारण बारावी, नीट आणि मग नोकरी. लग्नानंतर त्या वर्गात पुन्हा आलेली बाई मी एकदाच पाहिली. ती मागच्या रांगेत बसली होती आणि तिचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. संपताना शिक्षकांनी आग्रह केला तेव्हा ती गायली. त्या संध्याकाळचे सगळ्यात पक्के गाणे ते होते.

या मुलींना ‘पुढे काय?’ हे पडदा सांगत असतो. गाणे सोळाव्या वर्षापर्यंत शोभते, पुढे ती आठवण होते, हे त्यांना कोणी शब्दांत सांगत नाही. त्या तीन चित्रपटांतून पाहून घेतात.

आणि विचित्र असे की, ही रीत आपल्या मातीतली नाही. मराठवाड्यात गाणे ही मुळात मोठ्या बायकांची मालमत्ता होती. जात्यावरची ओवी कोणी गायली? सासरवाशिणीने, लेकुरवाळीने, म्हातारीने. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि २०१७पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहातून लोकांना ऐकायला मिळतात. त्यांत आमच्या परभणी-बीड भागातल्या बायकांचे आवाजही आहेत. भाऊ, माहेर, लेक, विठ्ठल, सासूचा जाच, नवऱ्याचा अबोला असे सगळे विषय तिथे आहेत. पहिले प्रेम त्या मानाने कमी. लग्न झाल्यावर ज्यांचे गाणे सुरू झाले अशा बायकांचा हा प्रदेश, आणि आज इथल्याच मुलींचे गाणे लग्नाआधी संपते.

आर्या आंबेकर यांच्या वाटचालीत खेद करण्यासारखे काही नाही. त्यांनी रियाज सोडला नाही, घाईने भूमिका स्वीकारत सुटल्या नाहीत, आणि त्यांचा आवाज आज वयाबरोबर भरत चालला आहे. उणीव आहे ती लिहिणाऱ्यांची आणि चित्रपट काढणाऱ्यांची. पस्तीस-चाळीस वर्षांची, संसार असलेली, चुकलेली, सावरलेली आणि गाणारी अशी एक बाई मराठी पटकथेत कोणीतरी लिहायला हवी. ती करण्याजोग्या अभिनेत्री आपल्याकडे आहेत. त्यांची वये आता तिथेच येत आहेत.

शेजारच्या मावशी आता नाहीत. त्यांच्या सुनेने परवा ‘बाई गं’ मोबाइलवर लावले होते. मी विचारले, ‘कोणाचे आहे, माहीत आहे का?’ ती म्हणाली, ‘अमृता खानविलकरचं.’ मी आर्याचे नाव सांगितले. तिला क्षणभर आठवेना. मग म्हणाली, ‘ती लिटिल चॅम्प्समधली छोटी?’